पाहिलं, असं मी म्हणालो

तर्कशास्त्र शिकवणारा माणूस थंड डोक्याचा असतो, अशी लोकांची समजूत आहे. महाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी ती समजूत दरवर्षी जूनमध्येच खोटी पाडत असे. माझं डोकं लवकर तापतं. हे आमच्या घराण्यातच आहे. नांगराला जुंपून घेत नाही म्हणून वडिलांनी एकदा दगड घालून बैलाचं शिंग मोडलं होतं, आणि मग संध्याकाळपर्यंत त्याच बैलाच्या गळ्याला मिठी मारून रडत बसले होते. थोरला भाऊ त्यांच्यावरच गेला. सातवीत मी गणितात नापास झालो तेव्हा त्यानं मला गोठ्यातल्या खांबाला बांधलं आणि निरगुडीच्या फोकानं पाठ सोलून काढली. "शेत करायला मी हाय," तो म्हणत होता, "तू शिकायचास नायतर मरायचास." रात्री माझ्या पाठीला खोबरेल लावायलाही तोच बसला. त्यानं स्वतःची शाळा चौथीत सोडली होती. मी एम.ए. झालो तो त्या फोकाच्या जोरावर, असं मी कुणालाही सांगतो.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला, डोंगराच्या पठारावर. नाचणी-वरीची शेतं आणि दोन वाड्या. वरच्या वाडीत आम्ही. दोन्ही वाड्यांची देवी एक, पालखी एक आणि गावकीही एक. भांडणं मात्र भरपूर. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या दगडी ओट्यावर बसते. तिथून ती उठली की पहिला खांदा वरच्या वाडीचा, असा मान पूर्वापार चालत आलेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं त्या सुमारास एका शिमग्याला खालच्या वाडीची पोरं मुंबईहून आली ती ठरवूनच आली. पहिला खांदा आमचा, नाहीतर पालखी उठणार नाही.

पुढचं मी पुष्कळदा सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी जरा वेगळं सांगितलं आहे. आज जेवढं मला खरंच ठाऊक आहे तेवढंच सांगतो. पालखीच्या दांड्याला दोन्हीकडून हात पडले. कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत मारली. ढोल फुटला. गुलालाचं पोतं फाटून सगळीकडे लाल धुरळा झाला आणि त्या धुरळ्यात काठ्या चालू लागल्या. हाडावर बसलेली काठी आणि लाकडावर बसलेली काठी यांचे आवाज निराळे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. एका म्हाताऱ्याचे दात माझ्या पायाशी पडलेले मी पाहिले. एकाचा कान लोंबत होता. माझ्याही हातात वेळूची काठी होती, आणि मी, तर्कशास्त्राचा अध्यापक, वयाच्या चौतिसाव्या वर्षी डोळे मिटून ती चारी बाजूंना फिरवत होतो. मला मजा वाटत होती. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होती हे खरं आहे.

मग भाऊ ओरडला. त्याचा आवाज मी हजारात ओळखीन. डोळे उघडले तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता, उजव्या डोळ्यावर तळवा होता, आणि बोटांमधून रक्त येत होतं आणि रक्तापेक्षा घट्ट असं आणखी काही येत होतं. त्याच्या पलीकडे तीन हातांवर खालच्या वाडीतला एक माणूस काठी उचलून उभा होता. आमच्या बांधावरच्या फणसावरून त्याची आणि भावाची जुनी खुन्नस होती. मागच्याच पावसाळ्यात दोघांनी एकमेकांना चिखलात लोळवलं होतं.

भावाला घोंगडीत घालून खाली आणला, तिथून जीपनं पोलादपूर आणि पुढं महाड. वाटेत गावकीच्या म्होरक्यांनी बजावलं. ते नात्यानं आमचे चुलते. "पालखीतला वाद डोंगराखाली न्यायचा नाय. डॉक्टरला सांग, काजूच्या झाडावरनं पडला, खुंट लागला." मी तसंच सांगितलं. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, भावाच्या केसातल्या गुलालाकडे पाहिलं, आणि कागदावर काजू लिहिला. डोळा काढावा लागला. तो मुंबईत काढला.

भाऊ मुंबईत असतानाच गावकी बसली. मारलं कुणी, हा प्रश्न होता. आमच्याकडे असा प्रश्न माणसांनी सोडवायचा नसतो. गुरवानं देवीच्या दगडावर ओली कळी चिकटवली. उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. याला आम्ही कौल म्हणतो. म्होरक्यांनी हात जोडून खालच्या वाडीतल्या त्या माणसाचं नाव घेतलं. "यानं मारला असंल तर उजवा दे गो आये." कळी बराच वेळ चिकटून राहिली. आणि मग उजवीकडे पडली.

मला त्या क्षणी खोड सापडली होती. शिक्षकाला चूक दिसतेच, दुसऱ्याची तर फारच लवकर दिसते. देवीला एकच नाव विचारलं होतं. दुसरं कुठलंही नाव विचारलं असतं तरी कळी उजवीकडे पडली असती की नाही, हे कुणी तपासलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाचं नाव विचारावं हे तर कुणाच्या मनातही आलं नाही. वर्गात हे उदाहरण मी तासभर रंगवून सांगितलं असतं. तिथे गप्प बसलो.

कौल पडला आणि लगेच साक्षीदार निघाले. सकाळपर्यंत "धुरळ्यात काय दिसलं नाय" म्हणणारे दुपारी "मी पायला, त्यानंच घातली" असं म्हणू लागले. ते खोटं बोलत नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांना आता तसं दिसू लागलं होतं. खुन्नस होती, काठी उचललेली होती, देवीनंही सांगितलं होतं. सगळं एकमेकांत कसं चपखल बसत होतं.

शिक्षा ठरली, घरटी एक फटका. त्या माणसाला सहाणेकडे तोंड करून उभा केला, हात ओट्यावर टेकवायला लावले. आमच्या वाडीत घरं बावीस. प्रत्येक घरातून एक पुरुष पुढे येई, काठी घेई, एक फटका मारी आणि काठी पुढच्याच्या हातात देई. पाचव्या-सहाव्या फटक्याला त्याचा सदरा फाटला. दहाव्याला तो गुडघ्यावर आला, त्याला उठवून पुन्हा उभा केला. "मी नाय मारला रे," एवढंच तो म्हणत होता, आधी ओरडून, मग नुसतं पुटपुटत. त्याची बायको आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पिंपळाखाली उभ्या होत्या. त्यांना बघायला लावलं होतं.

आमच्या घराचा फटका माझ्याकडे आला. मी काठी उचलली तशी त्यानं मान वळवली.

"मास्तर, तू शिकलेला हायस. तू व्हतास त्याच्या मागंच. तू पायलंस?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला एवढंच म्हणायचं होतं की, मला वाटतं. 'मला वाटतं' आणि 'मी पाहिलं' यांतला फरक शिकवण्यासाठी मी पगार घेत होतो. पण भावाचा तो रिकामा खड्डा मी चार दिवसांपूर्वी पाहिला होता, आणि कुणाला तरी मारल्याशिवाय मला झोप येणार नव्हती.

"पाहिलं," मी म्हणालो, आणि मारलं. बावीस फटक्यांतला सर्वांत जोराचा माझा होता. त्याची फासळी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग त्या घराला वाळीत टाकलं. विहिरीवर पाणी नाही, चक्कीवर दळण नाही, कुणी बोलायचं नाही, कुणाकडे विस्तव मागायचा नाही. मेलं तर खांदा नाही. त्याच्या शेताच्या बांधाचे दगड कुणीतरी ढकलून दिले. त्याचा कुत्रा विष घालून मारला आणि दारात टाकला. गावात शांतता झाली. म्होरके म्हणाले, "बघ, कसं सुतासारखं सरळ झालं."

भाऊ परत आला. त्याला मी सगळं सांगितलं, फटक्यासकट. नाचणीच्या राबासाठी रचलेल्या पालापाचोळ्याला त्यानं आग लावली आणि धुराकडे पाठ करून बसून राहिला. मला वाटलं, डोळ्याला धूर सोसत नसेल.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. अकरावीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर ती मुलगी बसलेली होती, पिंपळाखाली उभी असलेली. गावात राहता येईना म्हणून वीरला मावशीकडे आली होती, तिथून रोज रिक्षानं महाडला यायची. मी हजेरी घेताना तिच्या नावाला अडखळलो. ती "हजर" म्हणाली तेव्हा वहीत बघत होती.

ऑगस्टात तो धडा आला. तथ्य आणि मत. मी नेहमीची उदाहरणं दिली. सावित्रीला पूर आला, हे तथ्यविधान. जाऊन बघता येतं. पूर भयंकर होता, हे मत. खोटं तथ्यविधानही असतं बरं का, मी म्हणालो, पूर आलेला नसताना आला म्हणणं हे मत नव्हे, ते खोटं विधान. मग सत्य म्हणजे काय यावर आलो. वस्तुस्थितीशी जुळतं ते सत्य, असं काही म्हणतात. बाकी सगळ्याशी सुसंगत बसतं ते सत्य, असं दुसरे म्हणतात. जे मानल्यानं व्यवहार सुरळीत चालतो ते सत्य, असं तिसरे. माझा आवाज छान लागला होता. पोरं लिहून घेत होती.

तिनं हात वर केला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"सर, माणूस 'मी पाहिलं' म्हणतो ते तथ्य की मत?"

"तथ्यविधान."

"आणि त्यानं पाहिलेलंच नसलं तर?"

"तर खोटं," मी म्हणालो.

"खोटं बोलून एखाद्याची फासळी मोडली तर त्याला तुमच्यात काय म्हणतात, सर?"

माझ्या हातात लाकडी पाठीचा डस्टर होता. मी तो फेकला. फेकायचं ठरवलं नव्हतं, हात सुटला. तो तिच्या भुवईवर बसला आणि भुवई फाटली. डोळ्यापासून एका बोटावर. रक्त वहीवर पडलं. ती रडली नाही. तिनं ओढणी जखमेवर दाबली आणि दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिली.

तिला रोज आणणारा वीरचा रिक्षावाला फाटकापाशीच होता. वयस्क मुसलमान गृहस्थ, जन्म वीर-महाड रस्त्यावरच गेलेला. त्यानं तिला टाके घालून आणलं आणि मग स्टाफरूममध्ये येऊन माझी कॉलर धरली. मला भिंतीवर आपटलं. बाकीचे शिक्षक चहाचे कप धरून उभेच राहिले.

"सर, एक बोट इकडं लागलं असतं तर पोरीचा डोळा गेला असता. तुम्ही बघून मारला काय? सांगा ना. बघून मारला?"

"नाही," मी म्हणालो.

"मग आंधळे हात कशाला उचलता?"

त्यानं मला सोडलं आणि तो गेला. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. आणि माझं मनगट दुखायला लागलं. डस्टर फेकल्यामुळे नव्हे. ते दुखणं जुनं होतं. शिमग्याच्या दिवशी, भाऊ ओरडला त्याच्या बरोबर आधी, माझी काठी कशावर तरी बसली होती. मनगटाला झटका आला होता. पालखीच्या दांड्यावर बसली असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण लाकडावर बसली तर काठी उलटी उडते. माझी उडाली नव्हती. ती मऊ कशात तरी गेली होती. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि मी ते पाहायला नकार दिला होता. इतका हलकट मी असेन, असं मला वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी गावी गेलो. पावसानं वाट धुऊन नेलेली. भाऊ गोठ्यात दोऱ्या वळत होता. मी म्हणालो, "दादा, तुझा डोळा मी घालवला असेन." त्यानं मान वर केली नाही. "गप," म्हणाला. मी म्हणालो, मी गावकी बसवायला सांगणार आहे. तेव्हा त्यानं हातातली दोरी माझ्या तोंडावर फेकली. "गप म्हंतो ना. झालं ते झालं. दुश्मनाच्या हातनं गेला, गाव हळहळला. घरातल्या हातानं गेला तर गाव हसंल. माझा डोळा फुकट घालवू नको."

तरीही गावकी बसली. मीच जाऊन बसवली. तो माणूस वाळीतला, त्यामुळे सहाणेवरच्या छपराबाहेर, पावसात, डोक्यावर इरलं घेऊन उभा होता. मी उभा राहून सांगितलं की मी खोटं बोललो. मी काहीही पाहिलं नव्हतं. माझे डोळे मिटलेले होते. मारली ती काठी बहुतेक माझीच होती.

म्होरके शांतपणे म्हणाले, "बहुतेक? म्हंजे तू पायलं नायस."

"नाही."

"आणखी कोणी पायलं?"

कुणी इरलं झटकलं, कुणी तंबाखू मळायला घेतली.

"मग हे तुझं मत झालं, मास्तर. कौल झालाय, साक्षी झाल्यात. तुझ्या मतासाठी देवीला खोटी पाडायची काय?"

लोक हसले. मला त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी कळत होतं की तो चुकीचं काही बोलत नाही. मी खोटं बोललो तेव्हा 'पाहिलं' हा एक शब्द पुरला होता. आता खरं बोलत होतो तर माझ्याकडे मनगटातल्या एका झटक्यापलीकडे काहीच नव्हतं. मी ओरडलो. म्हणालो, मग माझं नाव घालून कौल लावा. घाला माझं नाव! गुरव उठला, कळी भिजवू लागला.

तेव्हा भाऊ उठला. आतापर्यंत तो खांबाला टेकून बसला होता.

"देवीला इचारू नका," तो म्हणाला. "तिला कशाला घालता यात. मी पायलाय. याचीच काठी."

म्होरक्यांनी विचारलं, कधीपासून ठावं होतं. "पयल्यापास्नं," भाऊ म्हणाला. मग एकदम आरडाओरडा झाला. खालच्या वाडीचे लोक आमच्यावर धावून आले, आमचेही काही त्यांना मिळाले. भावाला कुणीतरी मागून लाथ घातली. म्होरक्यांनी काठी आपटून सगळ्यांना आवरलं आणि निकाल सांगितला. त्या घरावरची वाळ उठली. आमच्या घरावर पडली. देवीपुढे खोटं खपवलं म्हणून भावावर, आणि खोटी साक्ष दिली म्हणून माझ्यावर. शिवाय मला फटके, घरटी एक, आणि पहिला मान त्या माणसाचा.

तो इरलं बाजूला टाकून सहाणेवर आला. वाकडा चालत होता, फासळी नीट सांधली नव्हती. काठी त्याच्या हातात दिली. त्यानं ती हातात तोलली, माझ्या तोंडाजवळ नेली, आणि खाली टाकली. मग माझ्या पायावर थुंकला आणि घरी निघून गेला. मुलीच्या भुवईबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. तिनं त्याला सांगितलं होतं की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

म्होरके पुढच्या माणसाला बोलावणार तोच भावानं ती काठी उचलली. "आमच्या घरचा माणूस हाय," तो म्हणाला. "बाकी कोणी हात लावायचा नाय. सगळ्या घरांचे मी मारतो."

मला तो घरी घेऊन गेला, मानगुटीला धरून. दार लावलं नाही. अंगणातल्या चिखलात त्यानं मला पाडलं आणि मारायला सुरुवात केली. आधी काठीनं, ती मोडली तेव्हा लाथांनी, मग नुसत्या हातांनी. एका डोळ्यानं त्याचा नेम चुकत होता. अर्धे फटके चिखलात जात होते, म्हणून तो अधिकच चिडत होता. "घे तुझं खरं," तो म्हणत होता, "घे. गाव गेलं, देवी गेली. घे." माझा ओठ फाटला, दोन बोटं मोडली. मी हात उचलला नाही. लहानपणी खांबाला बांधलेला असतानाही मी त्याला शिव्या द्यायचो. त्या दिवशी तेही केलं नाही.

मग दम लागून तो माझ्या छातीवर तसाच बसून राहिला. खड्ड्यातून पाणी गळत होतं, ते माझ्या तोंडावर पडत होतं.

मी विचारलं, "तुला दिसलं कसं? मी तर तुझ्या मागे होतो."

"मागं व्हतास म्हणूनच," तो म्हणाला. "तुला मारामारीची सवय नाय. तुला कोणी मारतंय काय, म्हणून मी मागं वळलो व्हतो."

आणि त्यानं पुन्हा हात उचलला.